हिरवळीवरचे भाऊजी

५ नोव्हेंबर
आजपासून रोजनिशी. मोठ्या हॉटेलात स्वच्छता-निरीक्षक म्हणून आयुष्य काढलेल्या माणसाने निवृत्त झाल्यावर स्वतःला मोकाट सोडू नये. शिस्त हवी. नोंद हवी.

घर छान आहे. शहराबाहेरची कॉलनी, बुटकी कुंपणं, रस्त्यापलीकडे गवताळ माळ. समोर माझं लॉन. लॉन म्हणजे गवत नव्हे. गवत कुठेही उगवतं.

हॉटेलने निरोपाला दिलेले पांढरे हातमोजे काचेच्या पेटीत घालून दिवाणखान्यात लावले. असल्याच मोज्यांचं एक बोट फिरवून मी दारांच्या वरच्या कडा तपासायचो. मॅनेजरपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे चळचळा कापायचे. ही म्हणाली, अहो, कापत नव्हते, हसू दाबत होते. हिला हॉटेलातलं काय कळतंय.

६ नोव्हेंबर
कॉलनीची एक रीत कळली. फेब्रुवारीच्या शेवटी बागस्पर्धा असते. पहिला येईल तो वर्षभर कॉलनीचा बागनिरीक्षक. पितळी बिल्ला मिळतो. कुणाच्याही बागेत केव्हाही शिरायचं, मार्क द्यायचे, आणि काय चुकलंय ते तोंडावर सांगायचं. कुणी उलट बोलायचं नाही.

ऐकून छातीत धडधडलं. निवृत्त झाल्यापासून मला एकही माणूस घाबरलेला नाही. परवा दूधवाल्यावर डोळे वटारले तर त्याने विचारलं, काका, डोळ्यात काही गेलं का?

संकल्प: पहिला नंबर. प्रतिस्पर्धी एकच, शेजारचा निवृत्त दातांचा डॉक्टर. गुलाब लावतो. गुलाब मरतुकडे आहेत. डॉक्टर मात्र सदा हसतमुख. जन्मभर दुसऱ्यांची तोंडं उघडून ठेवली, आता स्वतःचं मिटत नाही.

९ नोव्हेंबर, सकाळी साडेसहा
शी!

९ नोव्हेंबर, सकाळी दहा
आता पेन धरवतंय.

पडदा सरकवला तर लॉनच्या बरोबर मधोमध एक जनावर. आधी वाटलं कुणाचा घोडा सुटला. मग शिंगं दिसली. घोड्याला शिंगं नसतात एवढं मला कळतं. ही म्हणाली, अहो, नीलगाय ती.

नावात गाय आहे, पण ही गाय नव्हे. हा तर नर. नावात निळेपणा आहे, तोही नाही. जस्ताची बादली वर्षभर न घासता ठेवली की जो रंग येतो, तो. खांदे उंच, मागचा भाग उतरता, बनवता बनवता सामान संपल्यासारखा. एवढ्या धिप्पाड अंगाखाली काटक्यांसारखे पाय. खुरांच्या वर पांढरी वळी, मोजे घसरलेल्या पोरासारखी. डोकं हे एवढं, आणि त्यावर वीतभर शिंगं. गळ्याला पांढरा डाग आणि त्याखाली केसांचा झुपका. हॉटेलात असला ब्रश मी कुठल्या खोलीत ठेवू दिला असता ते इथे लिहीत नाही.

हे सगळं सोसलं असतं. पण त्याने माझ्याकडे पाहिलं, मागचे पाय फाकवले, शेपटी वर केली, आणि माझ्याकडे बघत बघतच उरकलं. घाई नाही, लाज नाही. लेंड्यांचा ढीग. चकचकीत.

माणसं हॉटेलच्या खोल्यांत काय काय करून जातात ते मी जन्मभर पाहिलं आहे. पण माझ्या डोळ्यांत डोळे घालून कुणी केलं नव्हतं.

१० नोव्हेंबर
पुन्हा आला. त्याच जागी. मी काल ती जागा पाण्याने धुऊन घेतली होती. त्याने ती हुंगली, समाधान झाल्यासारखी मान हलवली, आणि.

११ नोव्हेंबर
तेच. तिथेच. चहा गेला नाही.

१२ नोव्हेंबर
हिने त्याचं नाव भाऊजी ठेवलं आहे. माझ्या थोरल्या भावाला ती भाऊजी म्हणते. म्हणाली, अगदी मोठ्या भाऊजींसारखे दिसतात हो, तीच दाढी, तीच चाल, बोलायच्या आधी तशीच मान पुढे. मी कडक शब्दांत समज दिली. दादाला दाढी आहे, मान्य. मान पुढे काढून चालतो, हेही मान्य. पण दादा बँकेत ऑफिसर होता.

ही म्हणाली, स्वभावही तोच. कुणाच्याही घरात शिरायचं, मधोमध उभं राहायचं, घाण करून जायचं, आणि वर आपणच उपकार केले असं तोंड करायचं.

दादाने आमच्या लग्नात जे भाषण केलं होतं ते अजून तिच्या मनात आहे.

१५ नोव्हेंबर
वन्यजीव कार्यालयाला फोन. तिथला माणूस म्हणाला, मारू नका, हाकलताना इजा करू नका, आपापला जाईल. मी विचारलं, केव्हा? तो म्हणाला, त्याच्या मनात येईल तेव्हा. असल्या कारभाराला हॉटेलात मी एका सकाळीत सरळ केलं असतं.

ठीक. मीच बघतो. मोकाट जनावराला हवा असतो धाक. आणि धाक हा माझा विषय आहे.

१८ नोव्हेंबर, सकाळी सात
आज नजरेचा प्रयोग केला. लॉनच्या कडेला ताठ उभा राहिलो आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं. तोही बघत राहिला. मग त्याने मान ताठ केली, पाठीची कमान केली, अंग आडवं धरलं आणि हळूहळू, एकेक पाय मोजून टाकावा तसा, माझ्यासमोरून गेला.

माझी नजर त्याला पेलवली नाही. तोंड फिरवलं. हॉटेलातले वेटरही असेच आडवे होऊन सटकायचे. पहिली फेरी माझी.

जाण्याआधी ढीग केला, पण त्यात काही जीव नव्हता.

१९ नोव्हेंबर
डॉक्टर कुंपणावरून म्हणाला, काल तुम्ही जपून राहायला हवं होतं, तो आडवा उभा राहून किती मोठा आहे ते दाखवत होता, दुसरा नर समोर आला की ते तसंच करतात. कुठेतरी वाचलं म्हणे. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही दाढा सांभाळा.

पण माझी गणना त्याने नरात केली, हे एका परीने बरंच झालं. अलीकडे या घरात तेवढंही कुणी करत नाही.

२५ नोव्हेंबर
बुजगावणं उभं केलं. साधं नाही. माझा जुना निरीक्षकाचा कोट, टाय, टोपी आणि छातीवर नावाची पट्टी. या कोटाला बघून मजलेच्या मजले सामसूम व्हायचे.

ही म्हणाली, तुमच्यापेक्षा बरा दिसतोय, निदान गप्प तरी आहे.

२६ नोव्हेंबर, सकाळी
त्याने कोटाला मान घासली. बराच वेळ. कधीपासून खाज होती आणि आज कुठे सोय झाली, असा चेहरा. मग टोपी ओढून चघळली. खालचा जबडा डावीकडे, उजवीकडे, तोंडाच्या कडेला हिरवट फेस. टोपीचा सोनेरी दोरा ओठातून लोंबत होता. मग कोटाच्या पायाशी उरकलं.

कोट धुवायला टाकायची हिंमत होईना. पुरला.

३ डिसेंबर
वाचन केलं. शत्रूची सवय हेच शत्रूचं दुबळेपण. हा प्राणी रोज ठरलेल्या जागी जातो. आधीचा ढीग हीच त्याची खूण. म्हणजे ढीग जिथे, तो तिथे. किती सोपं! डॉक्टरची डिग्री काय कामाची, हे त्याला सुचलं का?

प्लॅन: ढीग हलवायचा. कुठे? माळावर न्यायचा तर रस्ता ओलांडावा लागेल, आणि बादली घेऊन मला कुणी पाहिलं तर अब्रू जाईल. कुंपणापलीकडे मात्र हात पुरतो. तिथे डॉक्टरच्या गुलाबांचे वाफे आहेत. दाट झुडपं, खाली कुणी बघत नाही.

हे घाण टाकणं नव्हे. हॉटेलात आम्ही याला स्थलांतर म्हणायचो. एका खोलीतला ओला गालिचा दुसऱ्या खोलीत.

४ डिसेंबर, पहाटे
पहिलं स्थलांतर. नाकावर कपड्याचा चिमटा, हातावर प्लास्टिकच्या पिशव्या, स्वयंपाकघरातला लांब चिमटा. एकेक लेंडी उचलून बादलीत. प्रत्येक वेळी डोळे मिटून घेतले, त्यामुळे काही बादलीबाहेर पडल्या. हात लागला नाही. देवाची कृपा.

घरात येऊन हात कोपरापर्यंत धुतले. मग पुन्हा. मग साबण धुतला.

ही स्वयंपाकघरात चिमटा शोधत होती. सांगितलं नाही. मग सांगावं लागलं. त्यानंतरचं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही.

५ डिसेंबर
तो माझ्याच लॉनवर आला. एका दिवसात सवय बदलत नाही. धीर हवा. दुसरं स्थलांतर.

१२ डिसेंबर
स्थलांतर नियमित चालू. तो इथे करतो, मी तिकडे टाकतो. ही म्हणाली, तुमचं दोघांचं छान जमलंय, नोकरी लागल्यासारखं. हिचा टोमणा कळतो मला. पण पहाटे उठणं, पाहणी करणं, हाताला काम असणं, याने तब्येत सुधारली आहे हे खरं.

१४ डिसेंबर, पहाटे
बादली रिकामी करत होतो. वर पाहिलं तर डॉक्टर खिडकीत, तोंडात ब्रश. हात हलवला. मीही हलवला. बादलीच हातात होती, तिच्यासकट हलला. पण त्याला काही कळलं नसावं, कारण तो हसला.

तो तर काहीही झालं तरी हसतो.

२० डिसेंबर
आज तो एकटा नव्हता. तीन माद्या बरोबर. फिकट बदामी रंग, शिंगं नाहीत. नर त्यांच्यामागे शेपटी वर करून, मान पुढे ताणून, नाक आभाळात, पाय ताठ टाकत. एक मादी माझ्या फुलझाडांच्या कुंड्यांजवळ थांबून लघवीला बसली. त्याने तिथे तोंड घातलं. मग डोकं वर करून वरचा ओठ मुडपला, हिरड्या दाखवल्या आणि तसाच उभा राहिला. डोळे अर्धवट मिटलेले. रसिकासारखा!

हॉटेलातल्या एका वाइनवाल्याचा चेहरा वाइन हुंगताना नेमका असा व्हायचा. त्याच्याकडे मी आता कधीच आदराने बघू शकणार नाही.

ही गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, तीन-तीन जाऊबाई, भाऊजींचं बरं चाललंय. चहा दोन वेळा घेतला तिने. दोन वेळा! त्या दृश्यासमोर!

माझ्यासोबत चहा घेताना ती वर्तमानपत्र वाचते. असो.

२ जानेवारी
नवं वर्ष, नवा निश्चय. आता पाठ दाखवणार नाही. समोरासमोर.

३ जानेवारी, सकाळी सात
विजय! लगेच लिहून ठेवतो.

झाडू आडवा धरून त्याच्या अंगावर गेलो. जोरात ओरडलो. जे ओरडलो ते हॉटेलात कर्मचाऱ्यांना म्हणायचो तेच, चला, चला, आटपा! तो थांबला. माझ्याकडे पाहिलं. आणि काय सांगू, पुढचे दोन्ही गुडघे टेकले! मान खाली! माझ्यापुढे!

इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी गुडघे टेकले नव्हते. डोळ्यांत पाणी आलं. मन मोठं करून त्याला माफ केलं आणि थोपटायला पुढे गेलो.

३ जानेवारी, दुपारी
अंथरुणातून. उजव्या हाताने लिहितोय, डावा खांदा हलत नाही.

नीलगायीचे नर गुडघे टेकून भांडतात. आधी गुडघे टेकायचे, मग मानेला मान भिडवायची, मग ढकलायचं. हे डॉक्टरने मला खांद्याला पट्टी बांधताना सांगितलं. कुस्तीचं आमंत्रण होतं ते. मी त्याला हात पुढे करून होकार दिला. तो फक्त ढकलून थांबला, शिंग लावलं नाही. डॉक्टरच्या मते त्याने सांभाळून घेतलं. ही म्हणाली, वयाचा मान राखला हो भाऊजींनी.

पडलो तो नेमका कशावर, ते लिहीत नाही. शर्ट जाळला.

६ जानेवारी
खांदा दुखतोय, तरी स्थलांतर चुकवलं नाही. एका हाताने. कर्तव्य म्हणजे कर्तव्य.

१५ जानेवारी
डॉक्टरने हिला गुलाब आणून दिले. गडद लाल, वाटीएवढे. याच झाडांना नोव्हेंबरात बोरासारखी फुलं होती. मी विचारलं, काय घालता? तो हसला. म्हणाला, सगळं तुमच्यामुळे. मी ओळखलं. माझ्या लॉनची शिस्त बघून तो जागा झाला. चांगल्या माणसाचा शेजार असा नकळत काम करतो.

पण जरा काळजी वाटू लागली आहे. एवढे मोठे गुलाब बरे नव्हेत.

१६ जानेवारी
मनात आलं की त्याचे गुलाब बिघडवायचे तर थोडी जास्त घाण टाकावी. दुसऱ्या दिवशीचीही साठवून एकदम दोन बादल्या. इतक्या घाणीत कुठलं झाड टिकेल?

२४ जानेवारी
गुलाब आता बशीएवढे. मला काही समजत नाही. हा माणूस गुपचूप काहीतरी करतोय. अशा लोकांचं मला वाईट वाटतं.

१ फेब्रुवारी
दादा आला. सकाळी चहाचा कप घेऊन लॉनवर गेला. मी अडवणार तोच तो जनावरासमोर. दोघं थांबले. दोघांनी मान पुढे काढली. दोघांची दाढी हलली. बराच वेळ दोघंही तसेच. मग दादाने घसा खाकरला आणि त्यानेही नाकातून फुर्र केलं.

ही तोंडात पदर कोंबून आत पळाली. न्हाणीघरात नळ सोडून हसत होती, तरी ऐकू येत होतं.

दादा आत येऊन म्हणाला, जनावर बरंय, पण गर्विष्ठ वाटतं. मग लॉन बघून म्हणाला, मधे टक्कल पडतंय, तुझ्यासारखंच.

खरं आहे. रोज खरवडून मधला गोल उघडा पडायला लागला आहे. स्पर्धा तोंडावर आली.

८ फेब्रुवारी
निर्वाणीचा उपाय. हॉटेलच्या स्टोअरमधला माझा जुना माणूस फोनवर ओळख विसरला नव्हता. जंतुनाशकाचे मोठे कॅन पाठवतो म्हणाला. तोच जहाल माल, ज्याने आम्ही कचऱ्याच्या खोल्या धुवायचो. त्या वासापुढे उंदीरही घर सोडायचे.

हिने सांगितलं, गवत मरेल. मी म्हटलं, शुद्धतेने कधी काही मरत नाही.

१२ फेब्रुवारी
कॅन आले. सगळं लॉन धुऊन काढलं. ब्रशने. कुंपण, कुंड्या, फाटकाचे खांबसुद्धा. वास असा, की डोळ्यांतून धारा. किती दिवसांनी छाती भरून श्वास घेतला! अगदी आमच्या कचऱ्याच्या खोलीत उभं राहिल्यासारखं वाटलं.

१३ फेब्रुवारी, सकाळी साडेसहा
आला. फाटकाशी थांबला. हुंगलं. शिंकला. अंगावर चिखल उडाल्यासारखी कातडी थरथरवली, आणि तोंड वाकडं करून वळला. माझ्या लॉनची त्याला किळस आली!

त्याला! माझी!

पण गेला. गेला हे महत्त्वाचं.

१६ फेब्रुवारी
फिरकलेला नाही. पूर्ण विजय. डॉक्टर सकाळी कुंपणाशी येऊन बघत होता. विचारलं, आज नाही का? मी म्हटलं, आता कधीच नाही. त्याचं हसू पहिल्यांदाच मावळलं. मत्सर, दुसरं काय.

१९ फेब्रुवारी
लॉन किंचित पिवळं. थंडीमुळे.

२२ फेब्रुवारी
लॉन बरंच पिवळं. काही ठिकाणी तपकिरी. ही काही बोलत नाही. ते जास्त लागतं.

२६ फेब्रुवारी
हिरव्या रंगाचा स्प्रे आणला. हॉटेलातल्या प्लास्टिकच्या रोपांना मारायचो तोच. लांबून अगदी खरं वाटतं. परीक्षकांनी लांबूनच पाहावं अशी व्यवस्था करीन, फाटकाशी खुर्च्या मांडीन.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळ
स्पर्धा झाली.

परीक्षक तिघं. सोबत कॉलनीच्या सेक्रेटरी. या निवृत्त मुख्याध्यापिका, कॉलनी त्यांना मोठ्या बाई म्हणते. खुर्च्यांवर कुणी बसलं नाही. मोठ्या बाई सरळ लॉनवर चालत गेल्या. त्यांचे पांढरे बूट हिरवे झाले. त्या वाकल्या, बोट फिरवलं, आणि बोट माझ्यासमोर धरलं.

ते बोट मी ओळखतो. जन्मभर दुसऱ्यांसमोर धरलं आहे.

पहिला नंबर दातांचा डॉक्टर. गुलाब म्हणे बशीएवढे. बशीएवढे आहेतच. बिल्ला त्याला.

मी उठून जाणार होतो. तेवढ्यात डॉक्टर माइकवर गेला. म्हणाला, हे बक्षीस माझं नाही. डिसेंबरपासून दोन महिने माझ्या शेजाऱ्यांनी रोज पहाटे, कुणाला कळू न देता, नीलगायीच्या लेंड्यांचं खत माझ्या वाफ्यात आणून टाकलं. खांदा दुखावला तेव्हाही एका हाताने. स्वतःच्या लॉनला एक लेंडी ठेवली नाही, सगळं मला दिलं. बघा, त्यांच्या लॉनची काय दशा झाली. असा शेजार कुणाला मिळतो?

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चेष्टा नव्हती. चेष्टा असती तर बरं झालं असतं.

सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मी खोटं आहे असं म्हणायला उठलो. उठल्यावर टाळ्या वाढल्या. मग मान लववून बसलो. ही माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक आहे. तिनेही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं की पुढच्या स्पर्धेसाठी अख्ख्या कॉलनीला हे खत हवं, आणि त्याचं काम माझ्याकडे. पद: खतप्रमुख.

बिल्ला नाही. बादली मिळाली. नवी आहे, जस्ताची.

१ मार्च
खतप्रमुख. 'प्रमुख' हा शब्द दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

डॉक्टर आला होता. बिल्ला छातीवर. चाचरत म्हणाला, तपासणीला निघतोय, तुमचे ते पांढरे हातमोजे मिळतील का, शोभून दिसतील. पेटी उघडून दिले. निरीक्षकाचा मान ठेवायला हवा. मोजे त्याला घट्ट होतात. जाताना माझ्या दाराच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं त्याने. गंमत म्हणून. बोट काळं झालं.

तीन महिने दाराकडे बघायला वेळ कुठे होता?

३ मार्च
मोठ्या बाईंचा फोन. खत केव्हा? सगळ्यांनी वाफे खणून ठेवलेत. लवकरच, म्हणालो. तयारी चालू आहे.

४ मार्च, सकाळी
लॉन तीनदा धुतलं, साध्या पाण्याने. वास जात नाही. फाटक सताड उघडं ठेवलं. आला नाही.

६ मार्च
डॉक्टरच्या वाफ्यातून दोन लेंड्या मागून आणल्या. जुन्या जागेवर ठेवल्या, खूण म्हणून. मी पडद्यामागे उभा. आला नाही. ही म्हणाली, अहो, रुसले असतील भाऊजी, तुम्ही बोलावल्याशिवाय कसे येतील?

चेष्टाच होती. पण विचार करण्यासारखी आहे.

८ मार्च, सकाळी साडेसहा
तो रस्त्यापलीकडे माळावर उभा होता. खांदे उंच, मागचा भाग उतरता, दाढी वाऱ्यावर. मी फाटकात बादली घेऊन. आजूबाजूला कुणी नव्हतं. हळूच हाक मारली, "दादा."

त्याने कान फिरवले.

जरा मोठ्याने मारली. "दादा, ये ना. सगळं धुतलंय."

त्याने मान पुढे काढली. माझ्याकडे पाहिलं. मागचे पाय फाकवले. शेपटी वर केली. आणि तिथेच, माळावर, माझ्याकडे बघत बघत उरकलं.

थांबलो. तो गेल्यावर बादली घेऊन रस्ता ओलांडला. दूधवाला सायकलवरून जात होता, त्याने पाहिलं. चिमटा आता ही देत नाही. पिशव्या आणायच्या राहिल्या. हातमोजे डॉक्टरकडे. लेंड्या हातानेच भरल्या.

गरम होत्या. चिकटत नाहीत. मला उगाच वेगळं वाटत होतं.